विश्लेषण : प्रवासाचा खर्च कोणी केला? दक्षिणा, रिकामा खिसा आणि शिदोरी... पेण-रोह्याच्या प्रवाशांची गोष्ट काय सांगते?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पेण आणि रोह्यातून आता थेट थायलंड, व्हिएतनाम, बाली, दुबईच्या सहली निघतात. पॅकेज घेतले, हप्ते बांधले, मोबाइल भरून फोटो काढले की सहल पूर्ण होते. मात्र याच दोन तालुक्यांतून त्याआधी निघालेल्या काही प्रवाशांची नोंद इतिहासात आहे. एक कर्ज फेडण्यासाठी निघाला आणि थेट १८५७च्या धामधुमीत सापडला. दुसऱ्याने पैशाला हात न लावता देश पायी पालथा घातला. तिसरा जपानला गेला आणि तिथल्या अनुभवानंतर खेड्यांकडे वळला. या सगळ्यांच्या प्रवासाचा खर्च वेगवेगळ्या मार्गांनी निघाला. त्यामुळे त्यांना दिसलेले जगही वेगवेगळे होते. ते कसे, याचा हा आढावा.

वरसईचे भटजी घराबाहेर का पडले?

पेण तालुक्यातील वरसई हे विष्णुभट गोडसे यांचे गाव. जन्म १८२७चा. घर भिक्षुकीचे, उत्पन्न बेताचे आणि डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार असून त्यात मोठा दानधर्म होणार आहे, अशी वार्ता कोकणापर्यंत पोहोचली. एवढ्या लांब जाऊन दक्षिणा मिळवली तर कर्ज फिटेल, हा गोडसे यांचा हिशेब होता. घरच्यांना मात्र तो पटत नव्हता. मुलूख परका, वाट लांबची, तिकडे भांगेचे व्यसन आणि माणूस भुलण्याची हजार कारणे, ही वडिलांची धास्ती होती. अखेर काका रामभट यांच्या सोबतीने जायचे ठरले आणि १८५७च्या मार्च महिन्यात तिशीतले विष्णुभट घरातून निघाले.

मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. उत्तरेकडे जायचे तर पायी, नाही तर बैलगाडीने. रोख रक्कम कमरेला बांधायची किंवा हुंडीवर विसंबायचे. पुढच्या मुक्कामी कोणी ओळखीचा, जातीचा किंवा गावाकडचा भेटेल या भरवशावर चालायचे. आजच्या भाषेत हा पर्यटनाचा प्रवास नव्हता. घरच्या कर्जापायी परमुलखात कमवायला गेलेल्या माणसाचा तो प्रवास होता. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

वाटेत असे काय घडले?

पुण्याहून पुढे सातपुडा ओलांडून ही मंडळी माळव्यात शिरली. महूच्या आसपास त्यांना कंपनीच्या फौजेतले शिपाई भेटले. लवकरच उठाव होणार, पुढे जाऊ नका, असे त्यांनी सांगितले. काका-पुतण्यांनी विचार केला आणि पुढे जायचे ठरवले. इतक्या लांब येऊन रिकाम्या हाताने परतायचे, हे कर्जबाजारी घरातल्या माणसाला परवडणारे नव्हते. महूच्या छावणीत १ जुलै १८५७ रोजी उठाव झाला. मथुरेला जाऊन यज्ञाची दक्षिणा घ्यायची हा बेत त्या वणव्यात कोलमडला.

त्यानंतरचा प्रवास ठरवून झाला नाही. धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त, लखनऊ, अयोध्या, काशी अशी गावे ते गाठत गेले. कुठे अनुष्ठानाचे काम मिळे, कुठे एखाद्या सरदाराकडून दक्षिणा, तर कुठे नुसतेच दोन वेळचे जेवण. वाटेत लुटारू होते, बंडवाले होते आणि इंग्रजी फौजाही होत्या. दोन्ही बाजूंना वाटसरूंचा संशय येई. जवळ पोथी असलेला ब्राह्मण हा खरोखर यात्रेकरू आहे की कोणाचा हेर, हे ठरवायला कोणाला सवड नव्हती.

झाशीत त्यांनी नेमके काय पाहिले?

गोडसे झाशीत पोहोचले तेव्हा तिथे राणी लक्ष्मीबाईंचा अंमल होता. विद्वानांना आश्रय मिळत होता, म्हणून ते तिथे राहिले. त्यामुळेच राणीची दिनचर्या, तिचा व्यायाम, घोडेस्वारी, पोशाख आणि दरबार यांचे जवळून केलेले वर्णन मराठीत उपलब्ध आहे.

मार्च १८५८च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा दिला. सुटकेसाठी आलेल्या तात्या टोपेंच्या सैन्याचा १ एप्रिलला बेतवा नदीजवळ पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रजी फौज शहरात शिरली. त्यानंतर राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्याबाहेर पडली. या तारखा सरकारी कागदांतून कळतात. त्या दिवसांत शहरातल्या साध्या माणसावर काय गुदरले, हे मात्र गोडसे सांगतात. तोफांचे गोळे, पाण्याचे हाल, घरात दडून काढलेल्या रात्री, शहरातली कत्तल म्हणजे ‘बिजन’, त्यामागोमाग झालेली लूट आणि रस्त्यांवरची प्रेते. वाड्यातील ग्रंथसंग्रह नष्ट झाल्याची हळहळही ते व्यक्त करतात. पोथीवर पोट असलेल्या माणसाला ते नुकसान इतरांपेक्षा जास्त बोचले असणार.

पुढे काल्पीच्या वाटेवर त्यांची राणीशी पुन्हा भेट झाल्याचा प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. पुरुषी वेशात, धुळीने माखलेली राणी तहानेने व्याकूळ होऊन विहिरीशी आली. गोडसे पाणी शेंदून द्यायला पुढे झाले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, असे म्हणत तिने दोर स्वतःच्या हाती घेतला. राज्य गेलेली राणी आणि कमाई गेलेला भटजी एकाच विहिरीवर उभे होते.

मग कमाईचे काय झाले?

जे मिळाले त्यातले बरेचसे गेले. झाशीच्या लुटीत जवळची रक्कम गेली आणि इतरत्रही वाटमारीचे प्रसंग आले. कर्जमुक्तीसाठी निघालेला माणूस तीनेक वर्षांनी घरी आला तेव्हा त्याच्याकडे पैशांपेक्षा मोलाची ठरलेली वस्तू होती गंगाजलाची कावड. ती खांद्यावर घेऊन तो कोकणात परतला आणि आई-वडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. मुलगा जिवंत आहे की नाही हेही ज्यांना नीट ठाऊक नव्हते, त्या आई-वडिलांच्या दृष्टीने हिशेब तिथेच पूर्ण झाला असावा. सावकाराचा हिशेब अर्थातच वेगळा होता.

दक्षिणेवर चाललेल्या या प्रवासाचा एक परिणाम गोडसे यांच्या लेखनात सतत जाणवतो. ज्यांच्याकडे दक्षिणा मिळू शकते अशा घरांत त्यांना प्रवेश होता. वाडे, देवळे, यज्ञमंडप आणि घाट त्यांनी आतून पाहिले. शिपायांच्या छावण्या, शेतकऱ्यांची घरे आणि इतर जातींच्या वस्त्या त्यांना बाहेरूनच दिसल्या. त्यांचे सोवळे-ओवळे, स्त्रियांविषयीची मते आणि जातीविषयीच्या कल्पना त्या काळच्या आहेत आणि पुस्तकात त्या लपवलेल्या नाहीत.

हे पुस्तक इतक्या उशिरा का आले?

प्रवास १८५७ ते १८६०च्या सुमाराचा. तो कागदावर उतरला १८८३च्या सुमारास, म्हणजे जवळपास पाव शतकाने. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य तेव्हा विशीत होते. त्यांनी भटजींच्या तोंडून या हकिकती ऐकल्या होत्या आणि त्या लिहून काढण्याचा आग्रह धरला. मात्र राणी लक्ष्मीबाईविषयी आदराने लिहिलेला मजकूर छापणे तेव्हा जोखमीचे होते. त्यामुळे हस्तलिखित पडून राहिले. वैद्यांनी ते १९०७मध्ये, उठावाला ५० वर्षे झाली त्या वर्षी, प्रसिद्ध केले. तेव्हा भटजी हयात नव्हते.

वैद्यांनी छापताना भाषेवर हात फिरवला होता आणि काही मजकूर गाळला होता. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. अमृतलाल नागर यांनी हे पुस्तक हिंदीत नेले. प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१४मध्ये आला. मराठीतल्या सुरुवातीच्या प्रवासवर्णनांत त्याची गणना होते. आज बाजारात ‘माझा प्रवास’च्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात. घेताना ती वैद्यांची आहे की पोतदारांची, हे पाहून घेणे चांगले.

त्यावर कितपत विश्वास ठेवावा?

पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिल्यामुळे तारखा, अंतरे आणि घटनांचा क्रम काही ठिकाणी चुकतो. नानासाहेबांविषयीचा बराचसा मजकूर ऐकीव आहे. म्हणून इतिहासकार त्यातले दोन भाग वेगळे काढतात. गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिलेले एकीकडे आणि धर्मशाळेत, घाटावर किंवा वाटेवर ऐकलेले दुसरीकडे. झाशीच्या वेढ्याचे वर्णन पहिल्या भागात येते, म्हणून त्याचे मोल जास्त. ऐकीव भागही टाकाऊ नाही. उठावाच्या काळात लोक एकमेकांना काय सांगत होते, अफवा कशा पसरत होत्या, हे त्यातून कळते.

गागोद्याच्या विनोबांचा प्रवास वेगळा कसा?

वरसई ज्या पेण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. जन्म ११ सप्टेंबर १८९५चा. लहानपणीच कुटुंब बडोद्याला गेले. १९१६च्या मार्चमध्ये इंटरची परीक्षा देण्यासाठी ते मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीच्या गाडीत चढले. गोडसे भटजींनी घरच्यांची परवानगी मिळवली होती. विनोबांनी ती मागितली नाही, निघाल्यावर पत्राने कळवले. काशीहून ते गांधीजींकडे पोहोचले आणि परीक्षेचा विषय तिथेच संपला.

त्यांचा मोठा प्रवास सुरू झाला पन्नाशी उलटल्यावर. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी जमीन मागितली आणि गावातल्याच एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. तिथून भूदान पदयात्रा सुरू झाली आणि ती सुमारे १३ वर्षे चालली. पहाटे चालायला लागायचे, पुढच्या गावात मुक्काम करायचा, संध्याकाळी सभा घ्यायची आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा निघायचे. खायला गाव घालील ते. ज्या प्रांतात असतील तिथली भाषा शिकण्याचा आणि तिथल्या संतांचे ग्रंथ वाचण्याचा त्यांचा परिपाठ होता.

१९६२च्या सप्टेंबरमध्ये आसामातून पश्चिम बंगालकडे येताना ते पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, पायी आले. तिथे ते सुमारे १६ दिवस होते. फाळणीला १५ वर्षे झाली होती आणि दोन्ही देशांत संशयाचे वातावरण होते. तरीही त्यांनी तिथे तेच मागितले जे भारतात मागत होते. भूमिहीनांसाठी जमीन. ती देणारेही भेटले. मिळालेली जमीन तिथल्याच भूमिहीनांसाठी होती. ‘जय जगत्’ ही त्यांची घोषणा. ती सीमेच्या पलीकडेही चालते का, याची परीक्षा या १६ दिवसांत झाली.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. विनोबांचा खिसा रिकामा असला तरी ते अनोळखी प्रवासी नव्हते. त्यांच्याबरोबर कार्यकर्ते असत, पुढच्या गावाला आगाऊ निरोप जाई, सभेची तयारी झालेली असे. सामान्य माणसाला हे जमेल का, हा प्रश्न उरतोच.

पैशांविना आशिया ओलांडता येतो का?

या प्रश्नाचे उत्तर विनोबांच्याच चळवळीतल्या दोन तरुणांनी शोधले. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांनी अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनपर्यंत पदयात्रा करायचे ठरवले. निघण्यापूर्वी ते विनोबांचा सल्ला घ्यायला गेले. जवळ पैसे ठेवू नका आणि शाकाहारी राहा, असे विनोबांनी सांगितले. त्यामागचा विचार व्यवहारी होता. पैसे असले की माणूस हॉटेल शोधतो, जेवण विकत घेतो आणि झोपी जातो. पैसे नसले की त्याला कोणाचे तरी दार ठोठवावे लागते. शाकाहारी म्हटले की ‘का?’ असे विचारले जाते आणि बोलणे सुरू होते.

१ जून १९६२ रोजी दोघे दिल्लीतील राजघाटावरून निघाले. पाकिस्तानच्या सीमेशी आल्यावर एका स्नेह्याने वाटेसाठी खाण्याची पाकिटे देऊ केली. ही अन्नाची नव्हे, अविश्वासाची पाकिटे आहेत, असे म्हणून सतीश कुमार यांनी ती नाकारली. सीमा ओलांडल्यावर त्यांना अन्न आणि आसरा देणारे लोक भेटले. पुढे अफगाणिस्तान आणि इराणमार्गे ते सोव्हिएत संघात पोहोचले. जॉर्जियात चहाच्या कारखान्यातील एका कामगार स्त्रीने त्यांना चहाची चार पाकिटे दिली. चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांना ती द्यायची होती. कळ दाबण्याचा विचार मनात आला तर आधी हा चहा करून प्या आणि पुन्हा विचार करा, हा तिचा निरोप होता. खिशात पैसे असते तर त्या कारखान्यात शिरण्याची वेळ त्यांच्यावर कदाचित आलीच नसती.

रोह्याचे पांडुरंगशास्त्री जपानहून काय घेऊन आले?

पेणहून रेल्वेने दक्षिणेला निघाले की रोहे लागते. कोकण रेल्वेचा मार्ग इथूनच सुरू होतो. कुंडलिका नदीकाठच्या या गावात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक ही त्यांची ओळख.

१९५४मध्ये जपानमध्ये भरलेल्या तत्त्वज्ञांच्या जागतिक परिषदेत त्यांनी भारतीय तत्त्वज्ञान आणि गीतेचा विचार मांडला. भाषण गाजले. पण हे विचार जगणारा एखादा समाज भारतात आज दाखवता येईल का, हा प्रश्न तिथे त्यांच्यासमोर उभा राहिला. परदेशात राहून काम करण्याची संधीही समोर आली होती. ती न स्वीकारता ते परतले. १९५६मध्ये ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळात सौराष्ट्राच्या खेड्यांतून भक्तिफेरीला सुरुवात झाली.

भक्तिफेरी हाही प्रवासच. त्याचे नियम ठरलेले होते. जायचे ते स्वतःच्या खर्चाने. जेवण घरून बांधून न्यायचे. ज्या गावात जायचे तिथल्या लोकांवर चहापाण्याचाही भार टाकायचा नाही. वर्गणी मागायची नाही. शहरातला नोकरदार, व्यापारी किंवा शिक्षक शिदोरी घेऊन खेड्यात जाई आणि ओसरीवर बसून बोलून परत येई. हा काही मागायला आलेला नाही, हे पटायला गावकऱ्यांना वेळ लागे. पटले की दारे उघडत.

विनोबांचा नियम आणि हा नियम वरवर पाहता एकमेकांच्या उलट दिसतात. एकाने अन्न बरोबर घ्यायचे नाही असे ठरवले, दुसऱ्याने अन्न बरोबर घेतल्याशिवाय निघायचेच नाही. पण दोघांपुढचा पेच एकच होता. परक्या गावात पाऊल टाकणारा माणूस आणि ते गाव यांच्यात पैसा आला की नाते गिऱ्हाईक-दुकानदाराचे होते. एकाने पैसा सोडून त्यातून वाट काढली, दुसऱ्याने आपला भार आपणच उचलून.

चिंतामणराव देशमुख या यादीत कुठे बसतात?

रोह्याशी नाते असलेले आणखी एक प्रवासी म्हणजे चिंतामणराव देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडिलांची वकिली रोह्यात होती. केंब्रिजचे शिक्षण, भारतीय सनदी सेवा आणि १९४३पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर अशी त्यांची वाट. जुलै १९४४मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. त्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभी राहिली. या परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते.

हा प्रवास सरकारी खर्चाचा, सरकारी कामासाठीचा. अशा प्रवासात रस्त्यावरचा माणूस फारसा भेटत नाही. मात्र टेबलावर जे ठरते त्याचा परिणाम त्या माणसाच्या ताटापर्यंत पोहोचतो. याच देशमुखांनी कालिदासाच्या ‘मेघदूत’चा मराठी अनुवाद केला. रामगिरीपासून अलकानगरीपर्यंत ढगाला वाट सांगणारे ते काव्य आहे. आकडेमोडीत रमलेल्या अर्थतज्ज्ञाला नद्या, डोंगर आणि गावांची ती वर्णने मराठीत आणावीशी वाटली.

या तिघांना जोडणारा एक आशियाई दुवाही आहे. फिलिपिन्समधील मनिला येथून दिला जाणारा रॅमन मॅगसेसे पुरस्कार. विमान अपघातात मृत्यू पावलेल्या राष्ट्राध्यक्ष मॅगसेसे यांच्या स्मरणार्थ तो सुरू झाला. १९५८मध्ये, पहिल्याच वर्षी, तो विनोबांना मिळाला. १९५९मध्ये देशमुखांना आणि १९९६मध्ये पांडुरंगशास्त्रींना. पेण आणि रोहे या शेजारच्या दोन तालुक्यांशी नाते असलेल्या तिघांना आशियातला हा मानाचा पुरस्कार मिळाला आहे.

आजच्या प्रवाशाने यातून काय घ्यावे?

पॅकेज सहलीत काही वाईट नाही. वयस्क आई-वडिलांना, लहान मुलांना घेऊन परदेशात जाताना कोणीतरी सगळी व्यवस्था पाहणे सोयीचेच असते. नेपाळ, भूतान, श्रीलंका, सिंगापूर अशा देशांत काही ठिकाणी आता यूपीआयनेही पैसे देता येतात. गोडसे भटजींना कमरेला बांधावी लागलेली रक्कम आज फोनमध्ये असते. फक्त एवढे लक्षात घ्यावे की जो खर्च करतो तोच काय दाखवायचे हेही ठरवत असतो. हप्त्यावर घेतलेल्या सहलीत बस कुठे थांबेल आणि कोणत्या दुकानापाशी तासभर थांबेल, हे आधीच ठरलेले असते. त्या वेळापत्रकातला एखादा अर्धा दिवस मोकळा मागून घेतला, बाजारात पायी फिरले, घरून नेलेला लाडू कोणाला देऊन दोन शब्द बोलले, तर सहलीत स्वतःचे काही सापडते.

दुसरी गोष्ट नोंदीची. गोडसे यांचे पुस्तक टिकले ते त्यातल्या बारीकसारीक तपशिलांमुळे. काय खाल्ले, काय मिळाले, कोण कसे वागले, भीती कशाची वाटली. त्यांची अडचण झाली ती उशिरा लिहिल्यामुळे. आज ती अडचण राहिलेली नाही. रोज झोपण्यापूर्वी फोनमध्ये दहा ओळी लिहिल्या किंवा आवाजात नोंदवल्या तरी पुरे. तारीख, गावाचे नाव, जेवणाचे पैसे, भेटलेल्या माणसाशी झालेले बोलणे. स्वतः पाहिलेले आणि गाईडने सांगितलेले वेगळे ठेवावे. फोटोत जागा दिसते, पण बसचे तिकीट कोणी काढून दिले ते दिसत नाही.

कोणाच्या प्रवासाची नोंद अजून व्हायची आहे?

गोडसे भटजींचा वारसा पुढे चालवणारे सहलीला जाणाऱ्यांपेक्षा वेगळेच लोक आहेत. रायगड आणि रत्नागिरीतील कित्येक घरांतली माणसे मस्कत, दुबई, कुवेत, सौदी अरेबियात नोकरीला गेली. कारण बहुतेकांचे तेच, जे विष्णुभटांचे होते. घरावरचे कर्ज, बहिणीचे लग्न, गावात न मिळणारे काम. कोणी युद्धाच्या काळात अडकले, कोणाचा पगार बुडाला, कोणी वीस वर्षे राबून गावी घर बांधले आणि त्यात दोनच महिने राहिले. त्यांच्या हकिकती पत्रांत, कॅसेटमध्ये टेप करून पाठवलेल्या निरोपांत आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटमध्ये आहेत. पत्रे वाळवीने जातात, कॅसेट बुरशीने जातात, व्हॉइस नोट फोन बदलला की जाते. वैद्यांनी भटजींमागे लकडा लावला नसता तर झाशीची ती रात्रही अशीच गेली असती. घरात आखातातून परतलेले आजोबा, मामा किंवा चाचा असतील तर तसाच लकडा लावण्याची वेळ हीच आहे.

वरसईबाबतही तेच. बाळगंगा धरण प्रकल्पाच्या पुनर्वसनाच्या प्रश्नात या परिसरातील गावांचे नाव गेली अनेक वर्षे आहे. विष्णुभट गावातून निघाले ते परत येण्यासाठी, आणि कावड घेऊन आले ते याच घरी. धरणग्रस्त म्हणून गाव सोडणाऱ्याला अशी परतीची सोय नसते. त्या स्थलांतराची हकिकत कोण लिहिणार, मोबदला किती, जागा कोणती आणि देव कुठे बसवायचा याचे तपशील कोण नोंदवणार, हे प्रश्न गावातल्याच कोणाला तरी हाती घ्यावे लागतील. भटजींनी पाव शतक वाट पाहिली. इथे तेवढा वेळ नाही.